मुंबईत वस्तीच्या पाण्यासाठी लढायचंय? नवख्यांसाठी कामाची पद्धत

श्रीमंत-गरीब दरीवर बोलायला मुंबईत सगळ्यांना आवडतं, पण "बरं मग करायचं काय" असं कोणी विचारलं की मिटिंग तिथेच आटपते. हल्ली कॉलेजची पोरं, आयटीतले लोक, आणि वस्तीतलेच पण पहिल्यांदा काहीतरी करू बघणारे तरुण असे बरेच जण सुरुवात कुठून करू म्हणून विचारतात, तर एकदाचं लिहून टाकतो. माझं मत सरळ आहे. "विषमता हटवा" म्हणून तुम्ही गल्लीत उभे राहिलात तर लोक मान डोलावून आपापल्या कामाला जाणार, "नळ पाहिजे" म्हटलंत तर थांबतील आणि तुमच्याशी भांडतील पण, आणि भांडले म्हणजे काम सुरू झालं. म्हणून इथे मी फक्त पाण्याचं सांगणार आहे. रेशन, फेरीवाले, संडास, घर सगळ्याला पद्धत साधारण हीच लागते.

पाणीच का

कारण या शहरात पाणी गरिबालाच महाग पडतं. महापालिकेच्या मीटरवर घरगुती पाणी हजार लिटरला दहा रुपयांच्याही खाली पडतं. आता ज्या गल्लीत नळ नाही तिथे समजा 35 लिटरचा कॅन 15 रुपयाला मिळतोय, तर हजार लिटरचे झाले सव्वाचारशेच्या वर. म्हणजे टॉवरमधला माणूस गाडी धुतो ते पाणी स्वस्त आणि झोपडीतल्या बाईने भात शिजवला ते पाणी चाळीस पटीहूनही महाग. हा हिशोब एकदा फळ्यावर मांडला की कोणाला विषमतेवर लेक्चर द्यावं लागत नाही.

थोडा इतिहास पण माहीत असू दे, ऑफिसात बोलताना उपयोगी पडतो. गोरेगावात मृणाल गोरेंनी पाण्यावरून इतकं रान उठवलं की लोक त्यांना पाणीवाली बाईच म्हणायला लागले. 1977 ला त्या लोकसभेत गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या तेव्हा "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा गाजली. आणि अलीकडचं म्हणजे पाणी हक्क समिती या संघटनेची जनहित याचिका. 15 डिसेंबर 2014 ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की पाणी हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणावरून माणसाला पाणी पूर्ण नाकारता येणार नाही. मात्र सगळ्यांना सारखंच पाणी द्या असं कोर्टाने म्हटलेलं नाही, वेगळी पद्धत आणि वेगळा दर ठेवायची मुभा पालिकेला दिली, त्यामुळे निकाल हातात घेऊन उगाच फुशारकी मारू नका, इंजिनिअरने तो तुमच्यापेक्षा जास्त वेळा वाचलेला असतो. पुढे मे 2022 ला पालिकेचं "सर्वांसाठी पाणी" धोरण आलं. कागदावर दार उघडलंय, आत जायला मात्र अजून धक्का मारावा लागतो.

सुरुवातीला नुसतं फिरा

गेल्या गेल्या बॅनर लावू नका, व्हॉट्सअॅप ग्रुप पण नको. तिथे आधीपासून कोण काम करतंय ते बघा. महिला मंडळ, बचत गट, एखादी संघटना, आणि काहीच नसेल तरी एक बाई असतेच जी सगळ्यांचे अर्ज भरून देते, हॉस्पिटलला सोबत जाते, तिच्याकडे जाऊन बसा. चहा प्या. मानखुर्दचं मंडाला असो की मालवणीतलं अंबुजवाडी, अशा वस्त्यांत तुमच्यासारखे येऊन फोटो काढून गेलेले लोक भरपूर झालेत आणि ते वस्तीला पाठ आहेत.

आणि बाहेरचे असाल तर भाषेचं भान ठेवा. गोवंडी, मालवणीत अर्ध्या गल्ल्या हिंदी-उर्दू बोलतात, कुठे तमिळ पण असते, तेव्हा आपली मराठी अर्जापुरती ठेवायची आणि गल्लीत समोरच्याच्या भाषेत बोलायचं, मोडकी तर मोडकी.

फिरताना एक गोष्ट मात्र पक्की काढायची, ती म्हणजे जमीन कोणाची. महापालिकेची, कलेक्टरची, म्हाडाची, फॉरेस्टची, रेल्वेची, पोर्टची, मिठागराची की प्रायव्हेट? सीटीएस नंबर, म्हणजे जागेचा सिटी सर्व्हे नंबर काढा, सिटी सर्व्हे ऑफिसला प्रॉपर्टी कार्ड मिळतं, त्यावर मालक कोण ते असतं. फाइल अडकते ती बहुतेक इथेच, कारण रेल्वे, फॉरेस्ट अशांच्या जागेवर पालिका लगेच "त्यांची एनओसी आणा" म्हणते. हे लोकांना पहिल्याच मिटिंगमध्ये सांगून टाका. सहा महिन्यांनी बाहेरून कळलं तर सगळा राग तुमच्यावर निघणार, आणि तो बरोबरच असेल.

सर्व्हे, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम

इथे वेळ घालवा, बाकी कुठे नाही घातला तरी चालेल. नवखे लोक गुगल फॉर्म बनवतात आणि विचारतात "पाण्यावर महिन्याला किती खर्च होतो?" कोणाला माहीत नसतं हो! कोणी पाचशे सांगतं कोणी दोन हजार, दोन्ही अंदाजपंचे. विचारायचं असं, "ताई, काल किती कॅन आणले?" सहा. "कुठून?" कोपऱ्यावरच्या मोटारीवरून. "कितीला?" पंधराला एक. "घरात माणसं किती?" पाच. "आणि कपडे धुवायचे त्या दिवशी?" मग दहा लागतात, रविवारी बारा पण. आता तुमच्या वहीत हिशोब आला, रोजचे 90 रुपये, महिन्याचे 2,700 आणि कपड्यांच्या दिवसाचे वरून. ती ताई स्वतः आकडा बघून गप्प होते आणि मग शेजारणीला हाक मारते की इकडे ये बघ आपण किती देतोय. बहुतेक ठिकाणी मोहीम या क्षणाला सुरू होते, तुमच्या भाषणाने नाही.

लिटर पण मोजा. सहा कॅन म्हणजे 210 लिटर, पाच माणसांत माणशी 42. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मानक माणशी 135 लिटरचं आहे, मोठ्या महानगरांना 150. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की तुमचं निम्मं निवेदन तयार.

अजून काय विचारायचं तर पाणी कोण भरतं (बहुतेक बाया आणि मुली), किती वाजता, शाळा किंवा कामाला खाडा होतो का, पाण्याला वास येतो का, गटारातून पाइप गेलाय का. पहाटे चारला रांग लागत असेल तर चारलाच जाऊन उभे राहा, दुपारी अकराला जाऊन सर्व्हे केलात तर जी बाई कामाला गेलीय तीच यादीतून सुटते आणि तिचंच पाण्याचं सगळ्यात वाईट असतं. सर्व्हे करणारे वस्तीतले असू देत, तुम्ही सोबत चाला. आधार कार्डाचे फोटो सरसकट काढत सुटू नका, आधीच लोक तोडक कारवाईला घाबरलेले असतात आणि अनोळखी माणूस कागद मागतोय म्हटल्यावर दरवाजे बंद होतात. कनेक्शनचा अर्ज भरायची वेळ येईल तेव्हाच कागद, आणि झेरॉक्स त्यांच्या हातात परत.

मिटिंग

बायका ज्या वेळेला मोकळ्या असतील ती वेळ धरा. दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणं झाल्यावर. कुठल्या पक्षाच्या शाखेत, ऑफिसात नको, उद्या दुसऱ्या पक्षाची गल्ली येणार नाही. अंगणवाडी, मंदिर-मशिदीच्या समोरची मोकळी जागा, गणपती मंडळाची शेड, काहीही चालेल. भाषण दहा मिनिटांच्या वर नाही. सर्व्हेचे आकडे वस्तीतल्याच कोणीतरी वाचून दाखवायचे. शेवटी पाच ते दहा जणांची कमिटी, निम्म्याहून जास्त बायका, आणि प्रत्येकाकडे एक काम. ज्याला काम नाही त्याला पद नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर सगळे अध्यक्ष होतात.

मागणी एका ओळीत

"आम्हाला पाणी द्या" ही मागणी नाही, ती तक्रार आहे. मागणीत कोणी, काय, कधीपर्यंत हे तिन्ही पाहिजे. उदाहरणार्थ (ग्रुप कनेक्शन म्हणजे काही घरांना मिळून एक जोडणी, पुढे सांगतोच) "सहाय्यक अभियंता (जलकामे) यांनी आमच्या गल्लीतल्या जमा झालेल्या सर्व ग्रुप कनेक्शनच्या अर्जांची जागेवर पाहणी 30 दिवसांत करावी आणि लेखी निर्णय कळवावा." दिसायला छोटी आहे, पण याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं. मंत्र्याला निवेदन देऊन फोटो काढणं सोपं, पण तुमच्या नळाची फाइल मंत्र्याकडे नसते, ती वॉर्ड ऑफिसमधल्या पाणी खात्यात असते.

अर्ज

झोपडपट्टीत पालिका साधारण पाच ते पंधरा घरांच्या ग्रुपला एक जोडणी देते, ग्रुपचा एक सेक्रेटरी असतो, बिल त्याच्या नावावर येतं. अर्ज लायसन्स असलेल्या प्लंबरमार्फत जातो. आता हा प्लंबर आणि त्याच्या आजूबाजूचे एजंट हा एक वेगळाच विषय. घरामागे हजारोंचा भाव सांगतात, "साहेबांना द्यावे लागतात" म्हणतात, पावती मागितली की चेहरा बदलतो. दोन-तीन प्लंबरकडून लेखी कोटेशन घ्या, पालिकेची अधिकृत फी किती आणि पाइप-खोदाईचा खर्च किती ते वेगळं लिहून घ्या आणि तो कागद गल्लीत भिंतीवर चिकटवा. भिंतीवर आकडा लागला की भाव आपोआप खाली येतो, मी बघितलंय.

ग्रुप बनवताना नात्यागोत्यातले, एका गावचे लोक एकत्र येतात आणि गल्लीच्या टोकाला राहणारी एकटी बाई, भाडेकरू, कचरा वेचणारं कुटुंब बाहेर राहतं. हे तिथल्या तिथे अडवायचं, नंतर होत नाही.

कुठलाही कागद द्याल तर दोन प्रतीत. एक त्यांना, दुसऱ्यावर आवकचा शिक्का, तारीख, नंबर. शिक्का नाही तर तुम्ही गेलाच नाहीत असं समजा. "ठेवून जा, मी बघतो" म्हणणारा क्लार्क कितीही गोड बोलला तरी शिक्क्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

माहिती अधिकार

तीस दिवस झाले, उत्तर नाही. ओरडू नका, माहितीचा अर्ज टाका. जोडपत्र "अ" म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, ऑनलाइन पण होतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द एवढीच मर्यादा आहे म्हणून निबंध नको. साधारण असं लिहा:

"आमच्या दिनांक अमुक, आवक क्रमांक तमुकच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची दिवसनिहाय माहिती, फाइल सध्या ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्यांचे पदनाम, फाइलवरील सर्व टिपण्या व शेऱ्यांच्या प्रती, आणि अर्ज प्रलंबित असल्यास त्याचे नोंदवलेले कारण असलेल्या कागदाची प्रत द्यावी."

"का दिलं नाही" असं कधी विचारू नका, "असा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" म्हणून एका ओळीत उडवतात. कागद मागा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प. त्याच्यावर राज्य माहिती आयोग, 90 दिवसांत. आयोगाकडे तारीख लागायला लई वेळ जातो, त्यामुळे खरा उपयोग पहिल्या अपिलाच्या सुनावणीचा, तिथे वरिष्ठ अधिकारी समोर बसलेला असतो आणि माहितीसाठी म्हणून गेलेल्या बायका कामाचं पण बोलून येतात.

वॉर्ड ऑफिसला जाताना

पाच-सात जण जा. बोलणाऱ्या दोघी आधी ठरलेल्या, एक जण फक्त लिहिणारा. तुम्ही बाहेरचे असाल तर गप्प बसायचं, साहेब मुद्दाम तुमच्याकडे बघून इंग्लिशमध्ये सुरू होतो आणि बायका बाजूला पडतात, तेव्हा सरळ सांगा "साहेब, यांच्याशी बोला, पाणी यांच्याकडे नाहीये." "साहेब साइटवर गेलेत" हे ऐकायची तयारी ठेवून डबा घेऊन जा. निघताना काय ठरलं ते तिथेच अर्ध्या पानावर लिहून, "आजच्या चर्चेत आपण असे सांगितले" म्हणून त्याच दिवशी आवकला द्या. सही केली नाही तरी शिक्का पडला.

पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवत राहा, प्रत्येक घराने वेगळी, तक्रार नंबर वहीत. एका मोठ्या निवेदनापेक्षा वेगवेगळ्या घरांच्या तक्रारींचा ढीग साहेबाला जास्त टोचतो कारण त्या त्याच्या हिशोबात पेंडिंग दिसतात.

नगरसेवकाकडे जा, सगळ्या पक्षांकडे जा. मार्च 2022 नंतर कित्येक वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सगळं बघत होता, तेव्हा लोकांना कळलं की दारात येऊन शिव्या खाणारा माणूस किती कामाचा असतो. आणि कॅलेंडर लक्षात ठेवा, पालिकेचं बजेट साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं, नवीन पाइपलाइन पाहिजे असेल तर दिवाळीच्या आसपासच मागणी आत गेली पाहिजे. 2025-26 चं बजेट 74,427 कोटींचं होतं, त्यामुळे "पैसा नाही" हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही.

मोर्चा कधी

शेवटी. कागद झाले, शिक्के झाले, भेटी झाल्या आणि तरी हलत नाही तेव्हा. 1972 मध्ये महागाईविरोधात मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर यांच्या समितीने थाळी-लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणलं, आपल्याकडे रिकामा हंडा आहे. हंडा मोर्चा जुना झाला म्हणून नाक मुरडणारे असतात, मुरडू देत, वॉर्ड ऑफिसच्या जिन्यात शंभर हंडे एकदम वाजले की वरच्या मजल्यावरची फाइल शोधली जाते.

आधी स्थानिक पोलीस स्टेशनला लेखी कळवा, शिक्का इथे पण. मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश पुन्हा पुन्हा निघत असतात, परवानगी नाकारली तर शिष्टमंडळ म्हणून थोडेच जण आत जा आणि बाकीचे गल्लीतच बसा. शहर पातळीवरचं आंदोलन म्हणजे आझाद मैदान, दुसरीकडे परवानगी मिळणं अवघड. ज्यांची रोजंदारी बुडेल त्यांना जबरदस्ती नको, खाडा परवडत नाही म्हणून न आलेल्या बाईला गद्दार म्हणणारा कार्यकर्ता मला अजिबात सहन होत नाही. घोषणा सोप्या, नाव घेऊन शिवीगाळ नाही, आणि एखादा वकील फोनवर उपलब्ध पाहिजेच.

व्हिडिओ काढा पण आंघोळ करणाऱ्या बाया, उघडी पोरं असले शॉट नको. पहाटेची रांग, कॅनचा भाव, वहीतला हिशोब हे दाखवा. वार्ताहराला बाईट बाईच देईल.

पाणी विकणारा

याच्याबद्दल बाहेर "वॉटर माफिया" म्हणून बोलतात. काही ठिकाणी खरंच गुंड असतात, तिथे एकट्याने हिरोगिरी करायची नाही, सामूहिक तक्रार आणि तीही लेखी. पण पुष्कळदा तो गल्लीतलाच माणूस असतो, दूरच्या लाइनवरून स्वतःच्या खर्चाने पाइप आणून मोटार लावलेला, त्याने आजपर्यंत वस्ती जगवली पण आणि लुटली पण. पहिल्या दिवशी त्याच्या मोटारीवर कारवाई करायला लावलीत तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीला पाणी नाही आणि तुम्ही व्हिलन. आधी जोडणी मंजूर होऊ दे, मोटारीचं नंतर आपोआप बघता येतं. त्याला ग्रुपमध्ये घर म्हणून घ्यायला हरकत नाही, सेक्रेटरी मात्र करू नका.

पैसे

वर्गणी घ्या, फुकटच्या मोहिमेला लोक आपलं मानत नाहीत. घरामागे दहा-वीस रुपये, पावती, वही, दर महिन्याला वाचन. कोणाच्याही पर्सनल जीपेवर गोळा करायचे नाहीत, दोघींच्या नावाने जॉइंट खातं. नेत्याने टेम्पो, जेवण, टी-शर्ट देऊ केले तर कमिटीत विचारून काय ते ठरवा. तो बॅनरवर स्वतःचा फोटो लावणारच, लावू दे, पण अर्जावर नाव आणि वहीतला हिशोब वस्तीचा राहिला पाहिजे.

कोर्टाचं काय

लगेच नको. कोर्टात गेलात की अधिकारी "मॅटर न्यायप्रविष्ट आहे" म्हणून हात वर करतो आणि लोक घरी बसतात. आणि जायचंच झालं तर वर सांगितलेले सगळे शिक्के, तक्रार नंबर, सर्व्हे हाच तुमचा पुरावा.

नळ आल्यावर

खरी भांडणं इथे सुरू होतात. बिल सेक्रेटरीच्या नावावर, तीन घरं पैसे देत नाहीत, थकबाकी वाढली की जोडणी तोडायची नोटीस. म्हणून पहिल्या महिन्यातच वाटणी माणशी की घरामागे ते ठरवा, लिहा, सगळ्यांच्या सह्या. दाब कमी असला की कोणीतरी गुपचूप बूस्टर पंप लावतो आणि मागच्या घरांचं पाणी जातं, त्याला दंड काय तो पण आधीच ठरवलेला बरा. भाडेकरूकडून घरमालक पाण्याचे वेगळे पैसे काढायला लागतो, त्याच्यावर नजर. आणि शेजारच्या गल्लीतून विचारायला येतील, तेव्हा तुम्ही जाऊ नका, ज्या ताईने पहिल्यांदा कॅन मोजले होते तिला वही घेऊन पाठवा, सोबत कोऱ्या सर्व्हे फॉर्मच्या झेरॉक्स द्या.